भिंत रंगवून झाली, पाण्याचे काय?

गेल्या महिन्यात अमेरिकेतून एका मुलीचा फोन आला. आपल्याच वस्तीतली, आपल्याच अभ्यासिकेत बसून पदवीपर्यंत पोहोचलेली. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर ती आज तिकडच्या एका विद्यापीठात शिकते आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "दादा, एक विचारायचं होतं. मार्चमध्ये सुट्टी आहे. आमच्या विद्यार्थी मंडळाची नऊ दिवसांची कोस्टा रिकाची ट्रिप आहे. चार दिवस सिकिरेसजवळच्या एका गावात शाळेची भिंत रंगवायची, दोन रात्री किनाऱ्यावर कासवांची राखण करायची, एक दिवस पाक्वारे नदीत राफ्टिंग, बाकीचे दिवस जंगल. जाऊ का?"

आम्ही म्हटले, "विचारतेस काय? फिरून ये."

ती जरा थांबली. म्हणाली, "नुसतं फिरायला नाही दादा. सेवा करायला चाललोय. आयुष्यात पहिल्यांदा मी देणाऱ्यांच्या रांगेत असेन."

या वाक्यापाशी आम्ही अडलो. तिला फोनवर नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर इथे, तिच्या परवानगीने, सगळ्यांसाठी लिहीत आहोत. कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपली मुले आता परदेशी शिकायला जात आहेत आणि इथेही कॉलेजची शिबिरे, एनजीओंच्या इंटर्नशिप, आदिवासी पाड्यांवरच्या 'ग्रामीण अनुभव' सहली त्यांच्यासमोर येत आहेत. देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहण्याचा मोह आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे, कारण पिढ्यान् पिढ्या आपल्याला घेणाऱ्यांच्या रांगेत उभे केले गेले.

आमच्या वस्तीत आलेले शिबिर

आम्ही सहावी-सातवीत असताना तालुक्याच्या एका कॉलेजचे सात दिवसांचे शिबिर आमच्या गावात आले होते. मुलांचा मुक्काम गावातल्या हायस्कूलमध्ये, स्वयंपाकही तिकडेच. वस्तीत ती सकाळी यायची आणि जेवायच्या वेळेला परत जायची. आमच्या घरचा चहा कोणी घेतला नाही. कोणी नको म्हटले असेही नाही. त्यांच्या चहाची वेळ फक्त नेहमी गावात गेल्यावर व्हायची.

त्यांनी आमच्या समाजमंदिराची भिंत रंगवली. त्यावर स्वच्छतेची घोषणा लिहिली. शेवटच्या दिवशी आम्हा मुलांना ओळीत उभे करून जेवणाआधी हात कसे धुवायचे ते शिकवले. त्यासाठी दोन घागरी पाणी लागले. त्या घागरी आमच्या आयांनी पहाटे पाऊण मैलावरून डोक्यावर आणल्या होत्या. गावाची नळयोजना वस्तीच्या अलीकडे येऊन थांबली होती. ती तिथेच का थांबली, हा प्रश्न सात दिवसांत एकाही विद्यार्थ्याने सरपंचाला विचारला नाही. मग फोटो निघाला. तो फोटो पुढे त्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला असे आम्ही ऐकले.

ती मुले वाईट नव्हती. एकीने आम्हाला तिची पेन्सिल दिली होती आणि ती आम्ही बोटभर उरेपर्यंत वापरली. पण मुले चांगली होती की वाईट, हा मुद्दाच नव्हे. हात धुवायला शिकवणाऱ्याने आधी पाणी कोण, कुठून आणते हे विचारायला हवे होते.

सिकिरेस कुठे आहे?

आता त्या मुलीच्या सहलीकडे येऊ. कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक-षष्ठांश. १९४८ साली त्याने सैन्य मोडीत काढले. चतुर्थांशाहून जास्त भूमी राखीव जंगल आणि उद्याने म्हणून जपली. म्हणूनच अमेरिका-युरोपातल्या विद्यार्थ्यांचे जथे सेवा आणि साहस अशी जोडसहल करायला तिथे जातात. माहितीपत्रकांत हिरवे जंगल असते, निळे पाणी असते, हसणारी काळी-सावळी पोरे असतात. त्या पोरांचे आजोबा-पणजोबा तिथे कसे आले, हे मात्र नसते.

कॅरिबियन समुद्राच्या बाजूचा प्रांत म्हणजे लिमोन. सिकिरेस हे त्याच प्रांतातले गाव. १८७१ साली लिमोन बंदरापासून राजधानी सान होसेपर्यंत रेल्वे बांधायला सुरुवात झाली आणि १८९० साली ती पुरी झाली. जंगल तोडायला, दलदलीत रूळ टाकायला जमैकातून कृष्णवर्णीय मजूर आणले गेले. तापाने आणि अपघातांनी कित्येक मेले. रेल्वेचा कंत्राटदार मायनर कीथ याला मात्र सरकारने आठ लाख एकर जमीन दिली. त्या जमिनीवर केळीच्या बागा उभ्या राहिल्या आणि १८९९ साली युनायटेड फ्रूट कंपनी जन्मली. १९१० च्या सुमारास याच लिमोनमध्ये, याच कंपनीच्या मळ्यावर, एक जमैकन तरुण कामगारांच्या वेळा नोंदण्याची नोकरी करत होता. आपल्या माणसांचे हाल त्याने तिथे डोळ्यांनी पाहिले. त्याचे नाव मार्कस गार्वी. जगभरच्या कृष्णवर्णीयांना स्वाभिमानाने उभे करणारा हा नेता घडला त्यात लिमोनचाही वाटा आहे, हे किती सहलींच्या माहितीपत्रकात असते?

लिमोनच्या कृष्णवर्णीय समाजात एक आठवण आजही सांगितली जाते. बंदराकडून राजधानीकडे जाणारी गाडी सिकिरेसला आली की काळे कर्मचारी उतरायचे आणि गोरे चढायचे. काळ्या माणसाने त्यापुढे जायचे नाही. असा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता म्हणे. आपल्याला हे समजावून सांगायला नको. वेशीच्या आत कोणी यायचे नाही, हे आपल्या गावांत तरी कुठे लिहून ठेवलेले असते?

पण एक गोष्ट मात्र लेखी होती. केळीवर रोग पडला, जमिनी नासल्या, तेव्हा कंपनीने आपला पसारा पॅसिफिक किनाऱ्याकडे हलवायचे ठरवले. १९३४ साली सरकारने कंपनीशी केलेल्या करारात अट घातली की तिकडच्या बागांत 'रंगीत' माणसांना कामावर घ्यायचे नाही. ज्यांनी रेल्वे बांधली, बागा लावल्या, ते लिमोनमध्ये बेकार होऊन बसले. तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना नागरिकत्वाचा रस्ता खुला झाला तो १९४८ च्या यादवी युद्धानंतर.

त्याच १९३४ साली इकडे काय घडले ते आठवा. बाबासाहेब चळवळीतल्या सुमारे तीस सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले होते. तीही एक सहलच. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर मंडळींनी प्रवासाची धूळ धुतली आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला. शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण आत कुठल्याही पाण्याला यांचा हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. सहल कोण करू शकतो, कोणाला कुठपर्यंत जाऊ दिले जाते, पाण्याला कोणाचा हात लागतो, हे प्रश्न आपल्या इतिहासात आहेत. म्हणून आपल्या मुलीने जग फिरावे याचा आम्हाला आनंदच आहे. पण सिकिरेसला उतरताना हे आठवून उतरावे.

नदीत राफ्टिंग, गावात टँकर

आता पाण्याचे. पाक्वारेतले राफ्टिंग जगभर गाजलेले आहे. होड्या उसळत्या पाण्यातून खाली येतात आणि त्यांचा शेवटचा टप्पा याच सिकिरेसच्या बाजूला आहे. त्याच सिकिरेस परिसरात मिलानो, एल काइरो, ला फ्रान्सिया अशी गावे आहेत. त्यांच्या आसपास अननसाचे अफाट मळे उभे राहिले. ताज्या अननसाच्या निर्यातीत कोस्टा रिका आज जगात पहिला आहे. मळ्यांवर मारलेले ब्रोमासिल नावाचे तणनाशक जमिनीत मुरले आणि या गावांच्या पिण्याच्या पाण्यात सापडले. २००७ च्या सुमारास सरकारने नळाऐवजी टँकर सुरू केले आणि ते वर्षानुवर्षे चालू राहिले. गावच्या पाणीसमित्यांनी दाद मागितली, बायका पुढे झाल्या, तक्रार देशाबाहेरच्या मानवी हक्क आयोगापर्यंत गेली. ब्रोमासिलवर बंदी यायला २०१७ साल उजाडले.

त्याआधीची केळीच्या बागांतली कहाणी याहून भयंकर. अमेरिकेत बनलेले डीबीसीपी हे कीटकनाशक १९७० च्या दशकात तिथे वापरले गेले आणि हजारो कामगारांना वंध्यत्व आले. त्यातले कित्येक लिमोनच्याच बागांत राबणारे होते.

ज्या देशातून विद्यार्थी भिंत रंगवायला येतात, त्याच देशात ती केळी आणि ते अननस जातात. सुट्टीत येऊन शाळा रंगवायची आणि घरी गेल्यावर दुकानातून स्वस्त अननस उचलायचा. या दोन गोष्टींतला धागा सहलीच्या नऊ दिवसांत कोणी दाखवत नाही. दाखवला तर सहल विकली जाणार नाही.

इथे बाबासाहेबांचे एक पत्र प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. नोव्हेंबर १९३२. पुणे करार होऊन दोनच महिने झालेले. बाबासाहेब गोलमेज परिषदेला बोटीने चालले होते. अस्पृश्यतानिवारणासाठी निघालेल्या संघाचे, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाचे, सरचिटणीस ठक्करबापा यांना त्यांनी बोटीवरून पत्र लिहिले. त्याचा मतितार्थ असा: कामाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत असे धरून चालतात की माणसाच्या दैन्याला तो स्वतःच जबाबदार आहे. मग त्याला दारू सोडायला सांगा, वाचनालय काढा, व्यायामशाळा काढा. दुसरी पद्धत मानते की दोष परिस्थितीत आहे, समाजरचनेत आहे. मग विहिरी, शाळा, चावड्या यांच्यावरचा हक्क मिळवून देण्यासाठी गावोगाव झगडावे लागेल, त्यात संघर्ष होईल, तोही पत्करावा लागेल. बाबासाहेबांनी संघाला दुसरी पद्धत घ्यायला सांगितली. त्यांच्या पत्राची साधी पोचही आली नाही. संघाने पहिली पद्धत घेतली. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्य का नाहीत असे विचारल्यावर गांधीजींचे म्हणणे असे की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋणकोने कर्ज कसे फेडायचे हे त्याचे त्याने ठरवावे.

कर्ज कसे, किती आणि कधी फेडायचे हे ऋणकोच ठरवणार, आणि धनकोने फक्त ओळीत उभे राहून हात पुढे करायचा! सेवेचे सगळे राजकारण यात आले. भिंत रंगवणे ही पहिली पद्धत. टँकर का येतो हे विचारणे ही दुसरी. पहिलीत फोटो निघतो. दुसरीत वैर पत्करावे लागते.

'मदतीला येऊ नका'

हे फक्त आपणच म्हणतो आहोत असे नाही. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या एका परिषदेत इव्हान इलिच यांना भाषणाला बोलावले होते. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू आणि कुएर्नावाका इथे राहणारे. त्यांनी त्या विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की तुमच्या चांगल्या हेतूंचा आम्हाला उपयोग नाही. पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदतीचा आव आणून येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, जे तुम्हाला 'जा' म्हणू शकत नाहीत, त्यांच्यावर तुम्ही स्वतःला लादता आहात.

हेतू चांगला असूनही केवढे नुकसान होते याचे उदाहरण कंबोडिया. परदेशी पाहुणे अनाथालयांना भेटी देऊ लागले, पैसे देऊ लागले, तशी अनाथालये वाढत गेली. तपासणीत दिसले की तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. गरीब घरातली मुले शिक्षणाच्या आशेने उचलून आणली होती. पाहुण्यांना अनाथ हवे होते, म्हणून अनाथ तयार झाले. सेवा विकत घेता येऊ लागली की गरजूही पुरवठ्याचा माल होतो.

मग कासवे मरू द्यायची का?

इथे कोणी विचारील, म्हणजे कोणी कोणासाठी काही करूच नये का? कासवांनी काय बिघडवले आहे? प्रश्न रास्त आहे. परदेशी विद्यार्थ्यांनी भरलेल्या पैशांतून किनाऱ्यावरची राखण चालते, हेही खरे आहे. आणि आपण बौद्ध आहोत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये सांगितले की करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. कासवाशी आपले वैर नाही.

पण कासव कोण वाचवते, ते बघा. लिमोन शहराजवळच्या मोईनच्या किनाऱ्यावर खाइरो मोरा सांदोवाल नावाचा स्थानिक तरुण रात्री गस्त घालायचा. चामड्या पाठीच्या प्रचंड कासवांची अंडी चोरांच्या आधी उचलून सुरक्षित जागी पुरायचा. ३१ मे २०१३ च्या पहाटे त्याला पळवून ठार मारण्यात आले. तो २६ वर्षांचा होता. त्या रात्री त्याच्यासोबत चार परदेशी स्वयंसेविका होत्या. त्यांनाही डांबले गेले, त्यांनीही भोगले, पण त्या वाचल्या आणि आपापल्या देशी परत जाऊ शकल्या. पहिल्या खटल्यात सगळे आरोपी सुटले. २०१६ साली फेरखटल्यात चौघांना शिक्षा झाली. आम्ही त्या मुलींना दोष देत नाही. सांगायचे एवढेच, की विमानाचे परतीचे तिकीट ज्याच्या खिशात असते त्याचे साहस वेगळे आणि ज्याला त्याच किनाऱ्यावर जगायचे असते त्याचे वेगळे. एकाचे साहस सुट्टीपुरते, दुसऱ्याचे रोजचे.

आता त्याच देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचे ओस्तिओनाल बघा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंनी एकदम येतात. पहिल्या दिवसांत घातलेली अंडी नंतर येणारी कासवे उकरून टाकतातच. म्हणून १९८० च्या दशकापासून गावाच्या संघटनेला सुरुवातीची अंडी गोळा करून विकण्याचा कायदेशीर हक्क दिला गेला. बदल्यात गाव किनारा साफ ठेवते, पिल्लांची राखण करते, मिळकत वाटून घेते. गावकऱ्याला चोर ठरवून त्याच्यावर पाहुणे पहारेकरी बसवायची तिथे गरज पडली नाही. हक्क दिला आणि राखण आपोआप आली. हीच ऑलिव्ह रिडले आपल्या रत्नागिरीतल्या वेळासला येते. वेळासचा कासव महोत्सव बघायला जाणाऱ्या आपल्या मुलांनीही तिथे एक प्रश्न विचारावा: घरगुती मुक्कामाचा पैसा गावातल्या कुठल्या कुठल्या घरांत पोहोचतो?

आपल्यालाही आरसा

बोट तिकडे दाखवताना तीन बोटे आपल्याकडे आहेत. १४ एप्रिलला सरकारी दवाखान्यात फळे वाटताना एका केळ्याला चार हात लावून फोटो काढणारे आपलेच आहेत. हिवाळ्यात पाड्यावर जाऊन ब्लँकेट वाटणारे, म्हातारीला कॅमेऱ्याकडे बघायला सांगणारे आपलेच आहेत. आम्हीही एकदा असा फोटो काढला आहे. त्या म्हातारीने ब्लँकेट घेतले, फोटो होऊ दिला आणि मग विचारले, "रेशनकार्डाचं काय झालं?" आम्ही निरुत्तर झालो. पुढचे चार महिने तिच्या कार्डासाठी तहसीलचे खेटे घातले, तेव्हा कुठे आम्हाला आमच्या कामाचा अर्थ कळला. त्याचा फोटो आमच्याकडे नाही.

आपण 'पे बॅक टू सोसायटी' म्हणतो. पे बॅक म्हणजे दान नव्हे, देणे फेडणे. ज्याचे देणे आहे तो आपल्याला जाब विचारू शकतो, हा त्यातला जीव आहे. नऊ दिवसांच्या सेवेला जाब विचारणारा कोणी नसतो, कारण दहाव्या दिवशी तुम्ही तिथे नसता.

तर ताई, जा

त्या मुलीला आमचे उत्तर असे: जा. जरूर जा. आपल्या लोकांना किल्ला बघायलासुद्धा शिपाई सोबत घ्यावा लागला. तू पाक्वारेच्या पाण्यात मनसोक्त भीज. मजा करायला गेलीस याची लाज बाळगू नकोस. मजेला सेवेचे नाव मात्र देऊ नकोस.

जाण्याआधी तुझ्या मंडळाला तीन प्रश्न विचार. एक, ही भिंत रंगवायची असे कोणी ठरवले, गावाने की सहलवाल्याने? दोन, त्याच गावातल्या रंगाऱ्याला मजुरी देऊन हे काम का करून घेत नाही? तीन, आपण दिलेल्या पैशातले किती त्या गावात राहतात? उत्तर मिळाले नाही तर तेही एक उत्तरच समज.

तिथे गेल्यावर थोडे स्पॅनिश शिकून घे आणि ब्रश हातात घेण्याआधी पाण्याचे विचार. टँकरच्या गावातली एखादी मावशी भेटली तर तिला आपल्या चवदार तळ्याची गोष्ट सांग, महाडला २० मार्च १९२७ रोजी काय झाले ते सांग. तुझी सुट्टी मार्चमध्येच आहे, हे तिलाही सांग. तिची गोष्ट ऐकून घे. लिमोनमध्ये गार्वीच्या संघटनेची जुनी इमारत होती, ती २०१६ साली आगीत गेली. ती कुठे होती ते विचार. देणारी म्हणून नव्हे, ओळखीची म्हणून बस त्यांच्याजवळ. घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत जाणे ही मुक्ती नाही, ताई. ती रांगच मोडायची आहे.

आणि परत आलीस की तुझ्या विद्यापीठात उभी राहा आणि विचार, आपल्या खानावळीतला अननस कुठून येतो? त्या प्रश्नावर टाळ्या पडणार नाहीत. कदाचित पुढच्या सहलीचे बोलावणेही येणार नाही. पण मिलानोच्या त्या मावशीला रंगवलेल्या भिंतीपेक्षा त्या प्रश्नाचा उपयोग जास्त आहे.

आमच्या वस्तीत नळ आला. शिबिरानंतर सहा वर्षांनी आला. वस्तीतल्या बायकांनी घागरी घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात ठिय्या दिला तेव्हा आला. समाजमंदिराच्या भिंतीवरचा रंग तोपर्यंत उडून गेला होता.

जय भीम! नमो बुद्धाय!